झारीतल्या शुक्राचार्याची बाजू

आपल्याकडे एखाद्याला 'झारीतला शुक्राचार्य' म्हटले की त्याची अब्रू गेलीच म्हणून समजावे. वरून मंजूर झालेला पैसा खाली पोचू न देणारा अधिकारी, कागदावर कागद मागत बसणारा कारकून, ठरलेल्या सोयरिकीत ऐनवेळी खुसपट काढणारा आतेमामा, ही सगळी मंडळी झारीतले शुक्राचार्य. वाहत्या पाण्याच्या तोटीत बसून ते अडवणारा हा इसम मराठी माणसाला कधीच आवडला नाही. वामनाने दर्भाच्या काडीने त्याचा एक डोळा फोडला ह्याचे कीर्तनातल्या श्रोत्यांना दुःख झालेले मी पाहिलेले नाही. उलट हशाच पिकतो.

मला मात्र अलीकडे ह्या शुक्राचार्याची बाजू कोणीतरी मांडावी असे वाटू लागले आहे. आणि बळिप्रतिपदेइतकी त्याला योग्य वेळ दुसरी कोणती?

गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. बटू वामनाने तीन पावले भूमी मागितली आणि बळीने ती देऊ केली. परंतु ही देणगी झाली होती ती फक्त वाचेने. आपल्या जुन्या रिवाजात नुसत्या वाचेने दान पुरे होत नाही, हातावर पाणी सोडावे लागते. म्हणून तर एखाद्या वस्तूवरचा हक्क कायमचा सोडून देण्याला आपण तिच्यावर 'उदक सोडणे' म्हणतो. वाचा झाली होती, उदक व्हावयाचे होते. ह्या दोहोंच्या मध्ये जो क्षणभराचा अवकाश होता, त्यात शुक्राचार्य शिरला. त्याची हरकत दानाला नव्हती. त्याचा प्रश्न एवढाच होता की, मागणाऱ्याचे पाऊल केवढे? तीन पावले म्हणजे किती, हे मोजल्यावाचून पाणी सोडू नकोस.

हा मधला अवकाश म्हणजे काय, त्याचे मोल किती, आणि तो खरोखर मोकळा ठेवावयाचा की नुसता दाखवावयाचा, हा मला एक नैतिक प्रश्न वाटतो. तो पुराणापुरता नाही. आपल्या राज्यात डोंगर खणावयाचा, नदीकाठी कारखाना घालावयाचा किंवा रानातून रस्ता न्यावयाचा झाला, की तो प्रश्न रोज कोठल्या ना कोठल्या टेबलावर पडलेला असतो.

राज्यकर्त्यांनीही अशा कामांसाठी वाचा आणि उदक वेगळे ठेवले आहे. महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध आपला कायदा १९६९ साली केला आणि १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा कायदा १९७४ सालचा. आज मंडळाकडे जाणाऱ्या कारखानदाराला दोनदा संमती घ्यावी लागते. पहिली कारखाना उभारण्याची, दुसरी तो चालवण्याची. पहिलीत मंडळ सांगते की सांडपाण्याची व्यवस्था अशी अशी असावी, धुराडे एवढे उंच असावे. दुसरी देताना ते तसे झाले आहे की नाही हे पाहावयाचे असते. वनजमिनीचेही तसेच. १९८०च्या वनसंवर्धन कायद्याखाली, ज्याचे नाव २०२३ साली बदलले, पहिल्या टप्प्यावर 'तत्त्वतः' मान्यता मिळते. मग पर्यायी वनीकरणाची जमीन, जंगलाच्या मोलाचा भरणा अशा अटी पुऱ्या झाल्याचा अहवाल गेला म्हणजे दुसऱ्या टप्प्यावर अंतिम मान्यता. आणि १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेप्रमाणे ज्या मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणाची मंजुरी लागते, त्यांचा परिणाम-अहवाल आधी मसुदा म्हणून लोकांपुढे ठेवावयाचा, जनसुनावणी घ्यावयाची, तीत निघालेल्या शंकांची उत्तरे घालून तो अंतिम करावयाचा, तज्ज्ञांच्या समितीने तो तपासावयाचा आणि त्यानंतर हो किंवा नाही. लहान प्रकल्पांचा निर्णय राज्याच्या पातळीवर, मोठ्यांचा दिल्लीत.

ही रचना करणारा माणूस शहाणा होता ह्यात मला शंका नाही. त्याने हे ओळखले होते की, पहिल्या भेटीत कोणालाच सगळे दिसत नाही. मी कादंबऱ्या लिहितो आणि मुलांच्या वह्या तपासतो, म्हणून कच्च्या खर्ड्याचे महत्त्व मला कोणी सांगावयास नको. कच्चा खर्डा ही लबाडी नव्हे. ती आपल्या अपुऱ्या ज्ञानाची प्रामाणिक कबुली आहे. मात्र तिच्यात एक गृहीत असते. खर्डा फाडता आला पाहिजे. जो फाडता येत नाही त्याला कच्चा म्हणणे ही भाषेची फसवणूक होय.

इथे 'तत्त्वतः' ह्या शब्दापाशी थोडे थांबावेसे वाटते. घरगुती बोलण्यात आपण एखादी गोष्ट तत्त्वतः मान्य करतो, तेव्हा ती करावयाची नसते. 'मुलींना वाटा मिळाला पाहिजे हे मला तत्त्वतः मान्य आहे' असे म्हणणारा गृहस्थ सातबाऱ्यावर बहिणीचे नाव लागू देत नाही. तेथे तत्त्व हे कृती टाळण्याचे साधन असते. सरकारी कागदावर हाच शब्द नेमका उलटा चालतो. तेथे 'तत्त्वतः मान्य' म्हणजे अजून मान्य नाही, परंतु होणार. एकीकडे तत्त्व आहे आणि कृती नाही. दुसरीकडे कृती ठरलेली आहे आणि तत्त्व मागाहून यावयाचे आहे. दोन्हीकडे फजिती होते ती तत्त्वाचीच.

मधला अवकाश कसा भरून जातो ते मी एका जनसुनावणीत जवळून पाहिले. कोल्हापूरच्या पश्चिमेकडील डोंगरात जांभ्याचे मोठे सडे आहेत. त्यांत बॉक्साइट सापडते. अशा एका सड्यावरच्या खाणीसाठी सुनावणी होती. कायद्याप्रमाणे किमान ३० दिवस आधी नोटीस निघाली होती, जिल्हाधिकाऱ्यांच्या वतीने वरिष्ठ अधिकारी अध्यक्ष होते, चित्रीकरण चालू होते. मसुद्याचा मराठी गोषवारा लोकांना समजावा म्हणून चार माणसांनी तो माझ्या हाती दिला होता, आणि मी मंडपाच्या एका कोपऱ्यात तो वाचून दाखवीत होतो. पाऊस किती पडतो, वारा कोठून वाहतो, साप कोणत्या जातीचे आढळतात, सगळे त्यात होते. एक वयस्क शेतकरी बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "गुरुजी, ह्यात आमचा झरा कुठल्या पानावर हाय?"

झरा कोठल्याच पानावर नव्हता. सडा हा पावसाळ्यात पाणी पिऊन ठेवतो आणि उन्हाळ्यात कडेच्या झऱ्यांतून ते थोडेथोडे सोडतो. त्या वाडीचे मे महिन्यातले पिणे त्या एका झऱ्यावर होते. म्हातारा उठला, ध्वनिवर्धकापुढे गेला आणि त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. नियमाप्रमाणे सभा संपताना इतिवृत्ताचा सारांश वाचून दाखवण्यात आला. त्यात त्याचा प्रश्न होता, वगळला नव्हता. फक्त तो असा झाला होता: 'पाण्याच्या स्रोतांविषयी शंका उपस्थित करण्यात आली.' पुढे अंतिम अहवालात त्याचे उत्तर आले: 'योग्य त्या उपाययोजना करण्यात येतील.' आणि मंजुरीच्या अटींत ते उतरले: 'परिसरातील जलस्रोतांचे रक्षण करावे.'

ह्यात कोणी खोटे बोलले, असे मला म्हणता येणार नाही. प्रत्येकाने आपले काम नियमाने केले. तरीही मसुद्यापासून अंतिम कागदापर्यंतच्या प्रवासात एक झरा नाहीसा झाला. तो अजून डोंगरात वाहत असेल, कागदावरून मात्र गेला. आधी त्याला जागा होती, वाडी होती, पिणारी माणसे होती. मग तो 'स्रोत' झाला, मग 'जलस्रोत' ह्या अनेकवचनात मिसळला. ज्याचे नाव नाही त्याचे रक्षण झाले की नाही हे तपासणार कोण आणि कसे? मंजुरी मिळाल्यावर दर सहा महिन्यांनी, १ जूनला आणि १ डिसेंबरला, अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो. त्या अहवालात ह्या अटीपुढे 'पालन होत आहे' असे लिहिणे कोणालाही जड जाणार नाही. शुक्राचार्याने पाऊल मोजा म्हटले होते. आपण ते पाऊल 'योग्य त्या मापाचे' आहे असे लिहून पाणी सोडतो.

दुसरी गोष्ट ह्याहून गंभीर आहे. वाचा आणि उदक ह्यांच्या मधला काळ नुसता वाट पाहण्याचा नसतो. त्या काळात भिंती चढतात, यंत्रे येतात, बँकेचे व्याज चालू होते, गावातली पोरे कामाला लागतात. अशा रीतीने 'नाही' म्हणण्याची किंमत रोज वाढत जाते. पहिल्या दिवशी 'नाही'ला एक कागद लागतो. तीन वर्षांनी त्याच 'नाही'ला शेकडो कोटी रुपये आणि अनेक कुटुंबांची रोजी लागते. मग उभा राहिलेला कारखाना चालवू नका असे सांगावयाचे धैर्य कोणत्या अधिकाऱ्याला होणार? रस्ते, रेल्वे, विजेच्या तारा असे लांबलचक जाणारे प्रकल्प असले, तर वनजमिनीच्या तत्त्वतः मान्यतेनंतर ठरलेले पैसे भरून अंतिम मान्यतेच्या आधीच झाडे तोडून काम चालू करण्याची मुभाही मिळू शकते. झाड तोडल्यावर आलेली अंतिम मान्यता हा न्याय म्हणावयाचा की श्राद्ध?

पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातील लवासाचे उदाहरण मराठी वाचकाला आठवत असेल. डोंगरउतारावर नगर उभे राहत गेले; नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने, पूर्वमंजुरी नाही म्हणून काम थांबवण्याचा आदेश दिला; आणि नोव्हेंबर २०११ मध्ये त्याच मंत्रालयाने सुमारे २,००० हेक्टरांच्या पहिल्या टप्प्याला अटी घालून मंजुरी दिली. येथे तर उदक आधी आणि वाचा नंतर, असा प्रकार झाला.

हा पेच सर्वोच्च न्यायालयालाही चुकलेला नाही. मुंबईच्या वनशक्ती ह्या संस्थेच्या याचिकेवर १६ मे २०२५ रोजी न्यायालयाने सांगितले की, आधी बांधून मागाहून पर्यावरण-मंजुरी घेण्याची वाट यापुढे बंद. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तो निर्णय त्याच न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी मागे घेतला. बहुमताच्या मनात जी चिंता होती तीत सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली मोठमोठी बांधकामे पाडावी लागतील, ही एक प्रमुख होती. असहमत न्यायमूर्तींना हा मागे टाकलेला पाय वाटला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. कायद्याच्या बारकाव्यात शिरत नाही. परंतु एवढे कोणालाही दिसते की, सहा महिन्यांत तत्त्व बदलले नव्हते. इमारतींचे वजन मात्र न्यायाच्या तराजूत येऊन बसले होते. आणि ते वजन खोटे नव्हते. बांधलेले रुग्णालय पाडणे ह्यात कोणाचे भले आहे? म्हणूनच मी म्हणतो, चूक शेवटच्या निर्णयात शोधू नये. ती मधल्या अवकाशात झालेली असते.

कारखानदाराचीही बाजू आहे, आणि ती न ऐकता पुढे जाणे अन्यायाचे होईल. ज्याने जमीन घेतली, कर्ज काढले, त्याला 'होईल, पाहू' म्हणत वर्षानुवर्षे टांगून ठेवणे हाही जुलूमच. पूर्वी वाङ्निश्चय झालेली मुलगी सासरचे लोक कारण न देता ताटकळत ठेवीत, आणि तिला ना इकडे ठेवीत ना तिकडे. तशातला तो प्रकार. १९७४च्या कायद्यात मुळात अशी तरतूद होती की, अर्जावर चार महिन्यांत मंडळाने काहीच कळवले नाही तर संमती मिळाली, आणि तीही बिनशर्त मिळाली, असे धरावे. ही तरतूद मुद्दाम कागद दाबणाऱ्या माणसाविरुद्ध होती हे मला समजते. तथापि झारीतला शुक्राचार्य लबाडीने पाणी अडवतो म्हणून जो उपाय काढला, त्यात झोपी गेलेल्या शुक्राचार्यामुळे पाणी आपोआप सुटू लागले. अडवणूक वेगळी आणि चौकशी वेगळी. पहिलीला वेळेचे बंधन हवेच. पण दुसरीचा निकाल घड्याळाने लावू नये.

दुसरा दरवाजा खरोखर बंद होऊ शकतो, ह्याचे एक उदाहरण मला धीर देते. ओडिशातील नियमगिरी डोंगरात बॉक्साइटच्या खाणीसाठी डिसेंबर २००८ मध्ये वनजमिनीची तत्त्वतः मान्यता मिळाली होती. डोंगराच्या पायथ्याशी लांजीगडला अ‍ॅल्युमिनाचा कारखाना तर आधीच उभा होता. तरीही ऑगस्ट २०१० मध्ये अंतिम मान्यता नाकारण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १८ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने डोंगरिया कोंध लोकांच्या हक्कांचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला. त्या वर्षी बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही ग्रामसभांनी 'नाही' म्हटले. आधीच उभारलेल्या कारखान्याला दगड मिळेना, काही काळ तो बंदही ठेवावा लागला. परंतु आकाश कोसळले नाही. पहिल्या होकाराच्या भरवशावर जो पुढे धावला, त्या धावण्याची जोखीम त्याची. ती डोंगराच्या माथी मारता येत नाही, एवढे त्या वेळी दिसून आले.

आता ह्याच चित्राची दुसरी बाजू पाहा. पश्चिम घाटाचे रक्षण कसे करावे हे सांगणारा अहवाल माधव गाडगीळ ह्यांच्या समितीने २०११ साली दिला. कस्तुरीरंगन ह्यांच्या समितीने २०१३ साली दुसरा दिला. त्यावरून सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटर प्रदेश संवेदनशील ठरवणारी मसुदा-अधिसूचना मार्च २०१४ मध्ये निघाली. हरकतींसाठी मुदत, मग मसुद्याची मुदत संपणे, मग नवा मसुदा. ३१ जुलै २०२४ रोजी सहावा निघाला. त्याच्या आदल्या दिवशी वायनाडमध्ये डोंगर खाली आला होता आणि शेकडो माणसे गाडली गेली होती. म्हणजे २०१४ ते २०२४ ह्या काळात सहा मसुदे निघाले आणि त्या काळात एकही अंतिम झाला नाही. लोकांच्या हरकती खऱ्या होत्या, राज्यांच्या अडचणीही असतील. मी त्यांची थट्टा करीत नाही. परंतु खणण्याचा मसुदा सहसा अंतिम होतो आणि राखण्याचा मसुदा मसुदाच राहतो, ह्या भेदाकडे डोळेझाक कशी करावी? शुक्राचार्य झारीतच बसणार असेल तर त्याने दोन्ही वेळा बसावे. त्याला एका तोटीपुरता नेमणे हे न्यायाला धरून नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, बळी थोर ठरला तो शब्द पाळल्यामुळे. शुक्राचार्याचे ऐकून त्याने झारी खाली ठेवली असती तर आपण आज त्याच्या राज्याची आठवण काढली असती का? हा आक्षेप बिनतोड आहे असे मला बरेच दिवस वाटत होते. परंतु बळीने दिले ते स्वतःचे राज्य, आणि तिसरे पाऊल ठेवावयास जागा उरली नाही तेव्हा डोके पुढे केले तेही स्वतःचे. आपल्या वस्तूच्या दानात मोजमाप न करणे हे औदार्य आहे. दुसऱ्याच्या वस्तूच्या दानात मोजमाप न करणे ह्याला आपल्या भाषेत वेगळा शब्द आहे. नदी, डोंगर, वारा ह्यांचे शासन हे मालक नसून विश्वस्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये बियास नदीच्या काठच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितले. विश्वस्ताला बळी होता येत नाही. त्याला शुक्राचार्यच व्हावे लागते, कारण तिसरे पाऊल पडावयाचे आहे ते त्याच्या डोक्यावर नव्हे. ते त्या वाडीच्या डोक्यावर पडणार आहे.

तेव्हा पहिला होकार हा प्रामाणिक राहावा असे वाटत असेल, तर मला त्याची एकच कसोटी दिसते. जे परत करता येत नाही ते त्या होकारावर करू नये. कागद रंगवावेत, मोजणी करावी, पैसे बाजूला काढून ठेवावेत, माणसे नेमावीत. हे सगळे मागे घेता येते. झाड, डोंगराचा माथा, झऱ्याची शीर ही परत देता येत नाहीत. त्यांची पाळी अंतिम होकारानंतरच यावी. आणि जो सर्वांत कठीण प्रश्न असेल तो सर्वांत आधी विचारावा, म्हणजे 'नाही' म्हणावयाचे झालेच तर ते स्वस्त असताना म्हणता येईल. कारखानदाराचाही फायदा त्यातच आहे. लवकर मिळालेला नकार माणसाला दुसरीकडे जाऊ देतो. उशिरा आलेला नकार दोघांनाही बुडवतो, आणि म्हणून बहुधा तो येतच नाही.

राहता राहिला अटींचा प्रश्न. त्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. इयत्ता पाचवीच्या मुलाला आम्ही सांगतो की, उत्तर लिहिताना विशेषनाम गाळू नये. 'जलस्रोतांचे रक्षण करावे' ह्याऐवजी झऱ्याला गावकरी ज्या नावाने हाक मारतात ते नाव लिहावे, मे महिन्यात त्याला किती हंडे पाणी असते ते मोजून लिहावे, आणि दर जूनच्या अहवालात तो आकडा पुन्हा मागावा. एवढे झाले तर अंतिम मान्यतेचा कागद थोडा लांबेल. दोन पाने वाढतील. त्या दोन पानांत कोठेतरी त्या म्हाताऱ्याला त्याचा झरा सापडेल.